घे की, पण कापू नको

...आणि वर मलाच विचारतात, "एवढी काय चिडतीस गं?" चिडू नको तर काय आरती करू? तुम्हीच सांगा, आचाऱ्याला कुणी म्हणतं का, कर की पुरणपोळी, पण डाळ शिजवू नको? न्हाव्याला म्हणतं का, कर की दाढी, पण वस्तरा लावू नको? नाही ना? मग फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाची पोरगी, परीक्षा डोक्यावर, हातात ही एवढी मोठी कात्री, आणि तिला अख्खी गल्ली एका सुरात कशी काय म्हणते, "घे की कापड, पण कापू नको"?

थांबा, असं मधूनच नको. पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही पण म्हणाल पोरगी डोक्यावर पडलीय.

मी सिद्धेश्वरी. भवानी पेठ, सोलापूर. आमचे अप्पा, म्हणजे बसलिंगप्पा, शाळेचे युनिफॉर्म शिवतात. कुठल्या कुठल्या गावची पोरं आमच्या कारखान्यातल्या चड्ड्या बाकावर घासून घासून मोठी झाली, त्यातली काही आता साहेब असतील, पण मला मात्र खाकी रंग दिसला की मळमळतं. लहानपणी माझी बाहुलीसुद्धा खाकीत होती हो! खाकी फ्रॉक, खाकी रिबन, बाहुली कसली, ट्रॅफिक हवालदार वाटायची. म्हणून अप्पांशी भांडून भांडून पुण्याला गेले. अप्पांनी पाठवलं, पण अट घालून. अप्पा बोलतात ते असं, तोंडात दोरा धरल्यासारखं, "जा. शीक. पन नापास झालीस ना, तर गप घरला यायचं नि कारखान्यात चड्डीला बटनं लावायची. मग रडायचं न्हाय." म्हणजे बघा, एका बाजूला पदवी आणि दुसऱ्या बाजूला खाकी चड्डी. मधलं काहीच नाही!

तर मार्च दोन हजार वीस. चुलतभावाचा साखरपुडा होता, चार दिवसांसाठी म्हणून घरी आले. बॅगेत एक बरा ड्रेस, चार्जर आणि माझी कात्री. साखरपुड्याला कात्री कशाला? अहो, हॉस्टेलवर ठेवली की पोरी तिनं मॅगीची पाकिटं कापतात! कापडाच्या कात्रीनं! त्यापेक्षा माझं बोट कापा की! तर कात्री माझ्याबरोबर सोलापुरात, आणि माझं कापड... वर्षभर जमवलेलं, हातमागावर विणून घेतलेलं, रंगवून घेतलेलं, शेवटच्या परीक्षेत रॅम्पवर चालवायचं माझं कापड पुण्यात, हॉस्टेलच्या कपाटात. पुढचं तुम्हाला माहितीच आहे. टाळ्या झाल्या, थाळ्या झाल्या, आणि मी अडकले ती अडकलेच. हॉस्टेलचं झालं विलगीकरण केंद्र. माझ्या कापडाशेजारी कोण खोकत पडलं होतं, देव जाणे!

आणि मग एके दिवशी फोनवर उगवल्या आमच्या इंद्रायणी मॅडम. मागं पुस्तकांचं कपाट, शेजारी हिरवीगार कुंडी, हातात कॉफीचा मग. "स्टुडंट्स, डोन्ट पॅनिक! वी विल अ‍ॅडॉप्ट! रॅम्प नाही? घर हाच रॅम्प! फॅब्रिक नाही? घरात जे आहे तेच फॅब्रिक! घरातलीच व्यक्ती मॉडेल! ज्युरी कॅमेऱ्यावर बघेल!" मी म्हटलं, मॅडम, हितं सुई मिळायची मारामार आहे. तर मान तिरकी करून म्हणतात, "सिद्धेश्वरी, क्रायसिस इज अ मटेरियल." घ्या! कुठल्या दुकानात मिळतं हो? पन्हा किती असतो त्याचा? धुतल्यावर आटतं का? पण विचारणार कसं, मॅडमनी सगळ्यांचे माइक बंद करून ठेवलेले!

आता तुम्ही म्हणाल, बापाचा एवढा कारखाना, मग पोरीला कापडाची काय कमी? मी पण तेच म्हणत होते! मळमळ गिळून खाकी घ्यायला तयार झाले होते! पण आमच्या गल्लीच्या तोंडाला महापालिकेनं पत्रे ठोकले, आणि कारखाना पत्र्याच्या पलीकडं. अप्पा रोज संध्याकाळी जायचे, पत्र्याच्या फटीला डोळा लावून आपलं कुलूप बघायचे आणि परत यायचे. अव्वा, म्हणजे माझी आई सावित्रम्मा, विचारायची, "हाय का?" अप्पा म्हणायचे, "हाय." एवढंच. शाळा बंद, युनिफॉर्म घेणार कोण, हे दोघंही बोलायचे नाहीत. आणि मी घरभर कात्री घेऊन फिरतेय, कापू काय, कापू काय...

मग नजर पडली चादरीवर. सोलापूर आहे हो, आमच्याकडं पाहुणा आला की चादर, पाहुणा गेला की चादर! मी म्हटलं, झकास, जाडजूड, रंगीत, हिचा कोट शिवते. शिवला! पायघोळ, उंच कॉलरचा. आणि मॉडेल कोण? आमची अव्वा. घरात दुसरं कोण उभं राहतंय? मे महिना, दुपारचं ऊन, अव्वाला चादरीचा कोट घालून गच्चीत उभी केली फोटोला. ती घामानं निथळतेय, थरथरतेय, "सिदू, लवकर काढ गं, चक्कर यायलीय." आणि हे समोरच्या गच्चीवरनं कुणीतरी बघितलं. भर मे महिन्यात बाई चादर पांघरून थरथरतेय! लावला की फोन महापालिकेला! अर्ध्या तासात पांढऱ्या प्लास्टिकमधली माणसं दारात. "पेशंट कुठंय?" अव्वा कोटासकट पुढं, "मी पेशंट न्हाय हो, मी मॉडेल हाय!" झालं! त्यांनी लिहिलं, तापात बरळतेय. सगळ्या घराच्या नाकात काड्या घातल्या. अप्पांनी त्या दिवशी नुसतं हवेत बटन लावून दाखवलं.

तुम्हाला सांगते, त्या दिवशी मी ठरवलं होतं की संपलं. बसायचं खाकीत. तेवढ्यात अव्वानं कपाट उघडलं... आणि मी बघतच राहिले. खण! खालपासून वरपर्यंत नुसते खण! मोरपंखी, डाळिंबी, जरीकाठी, चौकटीचे... दुकानात नसेल एवढं कापड, आणि मी महिनाभर सुतळ्या नि चिंध्या बघत फिरतेय!

आता खण कुठनं आले हे बायकांना सांगायला नको, पण पुरुषमंडळी बसलीत म्हणून सांगते. आमच्याकडं बाईमाणूस घरी आलं की कुंकू लावून ओटी भरतात. तांदूळ, नारळ आणि खण. आता तो खण शिवतं का कुणी? नाव नको! तो जातो कपाटात. दुसरी बाई आली की हा तिच्या ओटीत, तिच्या कपाटातून तिसरीच्या ओटीत. असले असले खण आहेत, बार्शीला जाऊन आले, मैंदर्गीला जाऊन आले, एसटीला लाजवतील एवढे फिरले आणि अजून घडी मोडलेली नाही! फक्त एक जपायचं. जिनं दिला तिच्याच घरात परत जाता कामा नये, आणि तिला कळता तर मुळीच कामा नये. म्हणजे सगळ्यांना माहीत, की सगळ्या पुढं ढकलतात. पण माझा दिलेला मात्र तिनं हौसेनं शिवला असेल, असं प्रत्येकीला वाटतं!

मी त्या मोरपंखीवर हात ठेवला. अव्वानं माझ्या हातातली कात्री बघितली. आणि म्हणाली, एकदम मायेनं हं, "तगो, आद्र कत्तरसब्याड!" कन्नड कळत नसेल तर सांगते. घे, पण कापू नको!

मी म्हटलं, अव्वा, न कापता शिवू कसं? "तुला कॉलेजात शिकवलं न्हाय का? जोड की कसं बी. पन एक दोरा ओढला की सगळे खण सुटे झाले पायजेत. उद्या लॉकडाऊन उठंल, कुनी दारात आलं तर ओटीत काय घालू, तुझी बाही?"

बरं, एका घरचे खण पुरतात का? म्हणून गेले शेजारी. आमच्या गच्च्या एकमेकींना लागून, मध्ये कमरेएवढा कठडा. एका अंगाला चिमाबाई. आवाज असा की बोलायला लागली की कावळा पापड टाकून पळतो. "व्हय गं, लागतील तेवढं घे की! शिवानी, आण गं ते बोचकं!" शिवानी म्हणजे त्यांची सून, बिचारी बोचकं घेऊन आली. मी दोन्ही हात पुढं केले, तर चिमाबाई बोचकं मागं ओढून म्हणतात, "घे की... पन कापू नको बरं का! न्हाईतर मी तुला कापीन."

दुसऱ्या अंगाला यशोदाकाकू. नवरा देवळात पूजेला, घर एकदम सोवळ्यातलं, बोलणं तुपातलं. "अगं सिद्धेश्वरी, शिक्षणासाठी नाही म्हणेन का मी? ने हो. सगळे ने." मला वाटलं, चला, एक तरी बाई शहाणी निघाली. जिन्यापर्यंत पोचले तर मागनं आवाज, "फक्त कापू नकोस हं बाळ. ओटीचा खण आहे, अपशकुन होतो." झालं! एकीचं प्रेम, दुसरीची धमकी, तिसरीचा अपशकुन. पण कात्री? कात्री कुणी चालवू देईना!

मग केलं काय? बसले खणांचे चौकोन मांडून. रागानं हो, डोक्यात नुसता जाळ! खांद्यावर दुमड घाल, कमरेला चुण्या घाल, गळ्याशी कापायचं तिथं तिरकी घडी घाल, आणि सगळं कच्च्या दोऱ्यानं जोड. पाठीत डाळिंबी, बाह्या जरीकाठी, आणि पुढं बरोबर छातीवर तो मोरपंखी. पायघोळ अंगरखाच झाला. आणि राग येतो तो याचा, की चांगला झाला! लई चांगला झाला! अव्वानं घालून बघितला आणि आरशासमोरनं हलेना. दारातनं जाताना अप्पा थांबले, एक चुणी चिमटीत धरून उलटी करून बघितली, परत सरळ केली आणि गेले. माझ्या बापानं पहिल्यांदा माझी टीप बघितली होती. आत जाऊन मी जरा रडले, ते तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण सांगितलं.

आणि मॅडम? फोटो पाठवले तर विचारतात, "बट व्हेअर इज द कट?" म्हटलं मॅडम, कट नाही, अव्वा कापू देत नाही. मॅडमचा कॉफीचा मग ओठाशी तसाच अडकला. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग ओरडल्याच, "झीरो वेस्ट! सिद्धेश्वरी, यू आर अ जीनियस!" मी जीनियस? म्हटलं त्यापेक्षा चिमाबाईंना पदवी द्या!

आला ज्युरीचा दिवस. रेंज फक्त गच्चीत, म्हणून फोन ठेवला कुरडयांच्या डब्यावर. पडद्यावर इंद्रायणी मॅडम आणि मुंबईचे एक परीक्षक, कानाला हेडफोन, चेहऱ्यावर असा भाव की जगात जे चांगलं शिवायचं ते शिवून झालंय. ह्या माणसाच्या हातात माझं आयुष्य! मी घसा साफ केला, अव्वा अंगरखा घालून उभी राहिली, आणि पडद्यावर टुंग... टुंग... टुंग... चौकोनावर चौकोन उगवायला लागले. कोण, तर चिमाबाई! यशोदाकाकू! कुणाचा नुसता कान, कुणाचा नुसता पंखा! अव्वानं काय केलं होतं सांगू? ज्युरीची लिंक महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकली होती! "माझी सिदू टीव्हीवर दिसनार" म्हणून!

मी खुणा करतेय, माइक बंद करा, माइक बंद करा... ऐकतंय कोण? मॅडम तरी माइक बंद करतील म्हणून बघते, तर त्या माझ्या अंगरख्याकडं टक लावून! परीक्षक म्हणाले, "जरा जवळून दाखवा." अव्वा कॅमेऱ्याच्या जवळ गेली. मोरपंखी पडद्यावर मोठा झाला. आणि यशोदाकाकूंचा तो तुपातला आवाज, पण तूप जरा कढत, "थांबा. हा मोरपंखी मी शिवानीच्या डोहाळजेवणात दिला होता. मुद्दाम निवडून. तो सावित्रम्मांच्या कपाटात कसा गेला?"

मुंबईच्या परीक्षकांनी हेडफोन कानावर घट्ट दाबला.

मग चिमाबाई, "आता एक खण दिला तर काय जल्मभर छातीशी धरून बसायचा व्हय? संक्रांतीला सावित्रम्मा वाण घेऊन आल्या, मग मी काय त्यांना रिकाम्या हातानं धाडू? आन् तुमी बोलू नका काकू! पाठीत त्यो डाळिंबी बगा! तुमच्या ओजसच्या मुंजीत मी दिल्ता! तुमच्याच बोचक्यातनं निगाला न्हवं? हौसेनं शिवणार हुता न्हवं?"

मी म्हटलं, अव्वा, तू तरी गप्प राहा, तू मॉडेल आहेस, मॉडेल बोलत नाहीत! पण अव्वा आपल्याच बाहीकडं बघत होती. "अय्य! हा जरीचा तर माझ्या माहेरचा! मैंदर्गीहून आणलेला! चिमाबाई, तुमाला दिल्ता की मी, शिवानीचं लग्न झालं तवा! आन् आज तुमच्या बोचक्यातनं? घडी बी मोडली न्हाय!"

सगळ्यांनीच सगळ्यांना फसवलेलं! गल्लीभर जे झाकून ठेवलं होतं ते मी, मी मूर्ख, रंगसंगती साधून, नीट चुण्या घालून, एकाच अंगरख्यावर मांडून मुंबईपर्यंत दाखवलं होतं! मी आपली इंग्रजीत सांगतेय, "सर, इन्स्पायर्ड बाय लोकल ट्रॅडिशन्स..." आणि कठड्यावरनं इकडनं चिमाबाई, तिकडनं यशोदाकाकू. त्या काळात सहा फूट अंतर ठेवायचं होतं हो! सहा इंच नाही राहिलं! "माझा मला द्या!" "आदी माझा द्या!" यशोदाकाकूंनी धरला मोरपंखी, चिमाबाईंनी डाळिंबी, आणि सोवळ्यातल्या त्या बाईनं, आयुष्यात कधी आवाज न चढवलेल्या त्या बाईनं, ओढला दोरा!

एक दोरा ओढला की सगळं सुटलं पाहिजे, अशीच अट होती ना अव्वाची? सुटलं की! इतकं सफाईदार सुटलं, इतकं सफाईदार... अव्वा आपल्या रोजच्या इरकलीत उभी, भोवती खण उडतायत, आणि तीसुद्धा त्यातलाच एक जरीचा छातीशी धरून ओरडतेय, "ह्यो माझा!" मी मधोमध बसले. डोळ्यांपुढं नुसती खाकी, खाकी, खाकी. आणि कुरडयांच्या डब्यावरनं मॅडमचा बारीक आवाज, "सिद्धेश्वरी? व्हेअर इज द गारमेंट?"

निकाल लागेपर्यंत मी कुणाशी बोलले नाही. त्या तिघीही एकमेकींशी बोलल्या नाहीत. गच्चीत कुरडया वाळत घालायच्या, तर पाठ करून.

आणि निकाल? पास! त्या परीक्षकांना वाटलं, ते सगळं ठरवून केलेलं होतं! शेरा वाचून दाखवते: "वस्त्र समाजाला परत करण्याचा हा प्रयोग अंगावर काटा आणतो." काटा! आणि त्याखाली, "मात्र फिनिशिंग कच्चे." म्हणजे गल्लीचं भांडण त्यांना कला वाटली, आणि माझी टीप कच्ची! अहो, ती कच्ची ठेवायला मला किती कष्ट पडले, या, विचारा की मला! अप्पांनी मार्कशीट उलटी करून बघितली, चुणी बघावी तशी. म्हणाले, "कापड न कापता पास? मग मी त्या मडिवाळप्पा कटिंगमास्तरला एवढी वर्षं कशाला ठेवलाय?" पण बटन लावून दाखवलं नाही. पेढे आणायला गेले, दुकान बंद, म्हणून गूळ घेऊन आले.

पोरगी पास झाली म्हटल्यावर बायकांना बोलावं लागलंच. मंडळानं माझा सत्कार ठेवला, गच्चीतच, मास्क लावून. चिमाबाईंनी कुंकू लावलं, हातात नारळ दिला, आणि नारळावर... मोरपंखी! तोच! कडेनं माझ्या कच्च्या दोऱ्याची भोकं जशीच्या तशी! तो यशोदाकाकू घेऊन गेल्या होत्या, मग परत चिमाबाईंकडं कसा आला? मी काकूंकडं बघितलं. काकू कुरडया मोजायला लागल्या. आणि चिमाबाई माझ्या गालाला हात लावून, डोळ्यांत पाणी आणून म्हणतात, "आता तू शिकली सवरलेली. घे की... पन कापू नको."

तुम्हाला वाटत असेल, मी आत गेले असेन, ती कात्री काढली असेल, आणि कराकरा, कराकरा... मला पण तसंच वाटलं होतं. गेले की आत! कात्री काढली की! घडी उलगडून पाटावर पसरली, कात्रीचं तोंड उघडलं, आणि...

परवा शिवानीच्या धाकट्या बहिणीची ओटी भरायची होती हो. अव्वाचं कपाट तोवर ओट्या भरून भरून रिकामं झालेलं, घरात दुसरा खण नव्हता. इस्त्री मारून भोकं झाकली, आणि दिला पुढं.